स्टिअरिंगचा एक दात

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चाळीस वर्षं गाड्यांची चाकं सरळ करत आले आहेत. अलाइनमेंटसाठी आता सगळीकडे लेसरची यंत्रं आली. भावोजी अजून सुतावर काम करतात. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सूत ताणून बांधायचं आणि सुतापासून चाकाच्या कडेचं अंतर पोलादी पट्टीने मोजायचं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक ते पट्टी न लावताच सांगतात, आणि मग केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी पट्टी लावतात. बाजारात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. सगळे त्यांना सूतवाले म्हणतात.

बसून राहणं त्यांना जमत नाही. कोणाकडे गेले तर पहिल्या पाच मिनिटांत खुर्चीचा डुगडुगणारा पाय शोधतील आणि दहाव्या मिनिटाला त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून मोकळे होतील. वाकडं काही दिसलं की त्यांच्या हाताला मुंग्या येतात. ताई म्हणते, "हे कूससुद्धा मोजून बदलतात. मी एवढी वर्षं या पलंगावर सुतात झोपतेय."

त्यांना एकच मुलगी. ती चौतीस वर्षांची आहे, इस्पितळात एक्स-रे काढते, तिच्या हाताखाली चार माणसं आहेत. पण घरात ती अजून बारकीच. लहानपणापासून ती वर्कशॉपमध्ये बापाच्या सुताचं दुसरं टोक धरून उभी राहायची. गाड्यांचं वेड तिथलंच.

दोन वर्षांपूर्वी बापलेकीने मिळून एक जुनी गाडी घेतली. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. दिसायला बैलासारखी आणि आवाज त्याहून दांडगा. गावाबाहेर विमानांची जुनी धावपट्टी आहे. विमानं येणं कधीच बंद झालं. तिथे दर रविवारी सकाळी ड्रॅग रेस होतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, खांबावरचे दिवे पिवळ्याचे हिरवे झाले की सुटायचं आणि पाव मैल सरळ जायचं. वळण नाही, डावपेच नाहीत, बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. वळणावळणाच्या शर्यती भावोजींना मानवल्या नसत्या. हा सरळ रेषेचा खेळ मात्र त्यांच्या जिवाला रुचला.

माझं तिथलं काम वेळ नोंदवण्याचं. सुरुवातीच्या रेषेजवळ एक पत्र्याची खोली आहे, तिच्यात यंत्र आहे. प्रत्येक फेरीची चिठ्ठी त्यातून निघते: गाडी हलायला किती वेळ लागला, पहिले साठ फूट किती सेकंदांत गेले, मग तीनशे तीस फूट, मग अर्धं अंतर, मग शेवट. एक प्रत ड्रायव्हरला द्यायची, एक मी फाइलला लावतो. फेरीआधी गाडी तपासणारा जो शेरा लिहितो, तो कागदही त्याच फाइलला.

या गाड्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नव्या पद्धतीच्या ताकदवान गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असतं. मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली, गाडी आडवी जाईलसं वाटलं, की गाडीचा संगणक तुम्हाला न विचारता इंजिनाचा दम कमी करतो. ओल्या रस्त्यावर हे फार चांगलं. शर्यतीत मात्र चाक थोडं गरगरणारच, आणि नेमक्या त्या वेळी संगणक गळा धरतो. त्यासाठी बटण असतं. ते दाबून धरायचं, समोर 'बंद' असं पिवळं चिन्ह येतं. पण या गाडीत ते पुरतं बंद होत नाही. मागच्या बाकावर जाऊन बसतं म्हणा ना. गाडी फारच वेडीवाकडी जातेय असं वाटलं तर तिथून हात घालतं.

यंदाच्या हंगामात पहिल्या दोन रविवारी बारकीने बारा पूर्णांक नऊ आणि बारा पूर्णांक आठ अशी वेळ दिली. नवख्या ड्रायव्हरला हे फारच चांगलं. भावोजी कुंपणापाशी उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "साडेबारा करणार ही. लिहून ठेवा."

तिसऱ्या रविवारी शेजारच्या पट्ट्यातली गाडी निम्म्यात आडवी झाली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर आला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. बारकी तेव्हा त्याच्या शेजारीच धावत होती. तिने फेरी पुरी केली. बारा पूर्णांक सात.

पुढच्या रविवारी तिची वेळ आली तेरा पूर्णांक नऊ.

मी यंत्र बिघडलं असं समजलो. दुसऱ्या फेरीत तेरा पूर्णांक आठ. गाडी सुटायची झकास, साठ फुटांपर्यंत पहिल्यासारखीच, आणि मग एकदम आवाज बसायचा. कोणीतरी उशी दाबावी तसा. क्षणभर, दीड क्षण. मग पुन्हा इंजिन जोर धरायचं, पण तोवर शेजारची गाडी पुढे गेलेली असायची.

बाहेरून ऐकणाऱ्याला हे अगदी पाय उचलल्यासारखं वाटतं. ड्रायव्हर घाबरला, त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, पुन्हा ठेवला. भावोजींनी कुंपणापाशी मान हलवली.

"पाय उचलला तिने."

"नाही उचलला, बाबा," हेल्मेट काढत बारकी म्हणाली. "पाय जमिनीला टेकलेला होता."

"मग बटण?"

"बटण दाबलं. दिवा लागला. पाचपर्यंत मोजलं."

"माझे कान अजून शाबूत आहेत. मागच्या रविवारी तो भिंतीवर गेला, ते बसलंय तुझ्या मनात. बसणारच. त्यात लाज कसली?"

लाज कसली म्हणायचं आणि भेटेल त्याला तेच सांगायचं, असं त्यांनी सुरू केलं. त्यांचा हेतू मुलीला नावं ठेवण्याचा नव्हता. गाडीत दोष नाही हे त्यांना सांगायचं होतं. ती सूतवाल्यांची गाडी होती. पण गाडीत दोष नाही म्हटलं की उरलं कोण?

चार रविवार असे गेले. धावपट्टीवर "बटण दाबलं का?" हा नमस्काराच्या जागी आला. चहाच्या टपरीवरचासुद्धा बारकीला कप देताना म्हणायचा, "ताई, बटण?" ती हसून कप घ्यायची. खोलीत माझ्याजवळ येऊन बसली की मात्र हसायची नाही. एकदा तिने उजव्या पायाचा बूट काढून दाखवला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"इतका जोर देते मी," ती म्हणाली. "मामा, खरं सांग. मी पाय उचलते का?"

"तुला ठाऊक असणार."

"मला ठाऊक होतं. आता नाही. दिवसभर लोकांना सांगते, श्वास रोखा, हलू नका. ते म्हणतात, नाही हललो. आणि फिल्म हललेली येते. त्यांना कळतसुद्धा नाही ते हलले ते."

मी तिच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. चार रविवारच्या आठ फेऱ्या. आठही वेळा नुकसान एकाच टप्प्यात होतं, साठ फूट आणि तीनशे तीस फूट यांच्यामध्ये, आणि जवळजवळ सारखंच. घाबरलेलं माणूस इतकं शिस्तीत घाबरत नाही. मी हे भावोजींना दाखवलं. त्यांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या, त्यांच्या कडा जुळवल्या आणि परत दिल्या.

"भीतीची जागा ठरलेली असते," ते म्हणाले. "मला अजून एका ठरावीक पायरीवर वाटतं, आता घसरणार."

या चारांतल्या शेवटच्या रविवारी त्यांनी निकाल दिला. हंगामाचा एकच रविवार उरला होता. त्या दिवशी बारकीने पुन्हा पाय उचलला तर दुसरी फेरी सुसाट चालवील आणि पुढच्या वर्षी गाडी त्याच्याच हातात राहील. सुसाट म्हणजे रुग्णवाहिका चालवणारा एक तिशीतला गडी. चांगला ड्रायव्हर. त्याचे सोबती म्हणायचे की याच्या गाडीतला पेशंट दवाखान्याच्या दारातच उठून बसतो, परत आत झोपायची त्याची हिंमत होत नाही. सुसाटने आढेवेढे घेतले, "काका, ताईंना वाईट वाटेल." पण डोळे गाडीवरच होते.

बारकी घरी गेल्यावर ताईला एवढंच म्हणाली, "आई, माझा पाय माझ्या ताब्यात नसेल, तर मी गाडी चालवूच नये. रस्त्यावरसुद्धा."

बापाच्या हाताखाली लहानपणापासून सूत धरलेल्या मुलीने असं म्हणावं, हे ऐकून ताई माझ्याकडे आली. मी म्हटलं, बॅटरीवाल्याला विचारू.

बॅटरीवाला म्हणजे भावोजींच्या वर्कशॉपशेजारचा गाड्यांच्या वायरिंगचा कारागीर. दोघांची तीस वर्षांची दोस्ती आणि तीस वर्षांची कुरबुर. त्याने निकालाच्या त्या रविवारीच सकाळी बारकीच्या गाडीत, स्टिअरिंगखालच्या खाचेत, काडेपेटीएवढी एक डबी खोचून दिली होती. फेरीभर गाडीच्या संगणकाने काय काय केलं ते ती टिपून ठेवते. गुरुवारी दुपारी त्याने ती उघडली. मी आणि बारकी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो होतो. भावोजी पाठीमागे हात बांधून येरझारा घालत होते.

"उस्ताद, एका जागी उभा राहा. पडद्यावर सावली पडते तुझी," बॅटरीवाला म्हणाला.

"तू वाच. मला ऐकू येतं."

"ऐक तर. हा पाय. सुटताना शंभर टक्के. साठ फुटांना शंभर. पुढे शंभर. शेवटपर्यंत शंभर. पोरीचा पाय एक केसभर हललेला नाही." त्याने बोट खाली सरकवलं. "आणि हे इंजिन. साठ फुटांपुढे संगणकाने हवेची झडप सत्तावीस टक्क्यांवर आणली. गळा धरला तिचा."

बारकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत नव्हती. तशीच ती बाजूच्या टायरवर बसली.

"बटण दाबलं असताना?" भावोजींनी विचारलं.

"तेच बघतोय. मागच्या बाकावरून हात घातलाय. म्हणजे गाडी वळतेय असं त्याला वाटलं." बॅटरीवाल्याने गाडी चालू केली. "बारके, चाकं सरळ कर. स्टिअरिंग सरळ."

तिने केलं.

"केलंस?"

"काटेकोर."

"उस्ताद, तुझी गाडी उजवीकडे वळलीय. दहा अंश."

"डोळे तपासून घे," भावोजी म्हणाले. "सूत लावून सरळ केलीय ती."

"चाकं असतील सरळ. गाडीच्या डोक्यात ती वळलेली आहेत. ड्रायव्हर उजवीकडे वळवतोय आणि गाडी सरळ चाललीय, म्हणजे घसरतेय, असं ते समजतं. हळू चालवताना फरक पडत नाही. मागची चाकं गरगरली रे गरगरली की खात्री पटते त्याची." त्याने डबी बंद केली आणि अगदी सहज, रोज दहा गिऱ्हाइकांना विचारावं तसं विचारलं, "मधे कोणी स्टिअरिंग काढून बसवलं होतं का?"

भावोजींच्या येरझारा थांबल्या. त्यांना उभं राहिलेलं पाहायची सवय नसल्याने माझं तिकडे लक्ष गेलं.

"काम आहे जरा," असं म्हणून ते बाहेर पडले, स्कूटर काढली आणि गेले.

दिवेलागणीला ते माझ्या घरी आले. माझ्या बायकोने चहा ठेवला. ते बसले नाहीत. कप हातात घेऊन खिडकीपर्यंत गेले, दारापर्यंत आले, पुन्हा खिडकीपर्यंत.

"तुझी ती फाइल आहे ना?"

"कुठली?"

"तपासणीचे कागद. फेरीच्या आधी तो गडी शेरा लिहितो ते."

मी फाइल काढली. ते उभ्यानेच पानं उलटू लागले.

"काय शोधताय, भावोजी?"

"त्या तपासणाऱ्याने एकदा लिहिलं होतं, स्टिअरिंग वाकडं आहे म्हणून. आठवतं?"

मला आठवत होतं. चाकं सरळ असताना त्या गाडीचं स्टिअरिंग किंचित डावीकडे झुकलेलं असायचं, घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी असावीत तितकं. चालवायला त्याने काही अडत नाही. पण तो कागद सगळ्यांसमोर वाचला गेला होता आणि कोणीतरी म्हणालं होतं, सूतवाल्यांच्याच गाडीचं वाकडं, मग आमचं काय?

"आधीच्या मालकाने लेसरवाल्याकडे केली असणार," भावोजी म्हणाले. "डावीकडचा टाय रॉड गंजून जाम झालाय. चाकाची दिशा जुळवतात तो दांडा. तो फिरत नाही, म्हणून त्या लेसरवाल्याने चाकं सरळ केली आणि स्टिअरिंग तसंच वाकडं सोडलं. आणि गाडीच्या डोक्यात भरवलं असणार, की हेच सरळ. वाकड्याला सरळ म्हणायला शिकवलं तिला." त्यांनी पान उलटलं. "मी काय केलं, एके दिवशी दुकान बंद करताना स्टिअरिंग उपसलं, ते ज्या दांड्यावर बसतं त्याला बारीक खाचांचे दात असतात, त्यावर एक दात उजवीकडे सरकवून बसवलं. पाच मिनिटांचं काम. मागची ती अंश मोजणारी चकतीसुद्धा त्याच्याबरोबर फिरली असणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. जुन्या गाड्यांना अशी चकती असते कुठे? कोणाला सांगितलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं ते कामच नव्हतं."

"कधी?"

"तेच बघतोय. तो शेरा पहिल्या रविवारचा असेल तर मी ते त्याच आठवड्यात केलं असणार. आणि दुसऱ्या, तिसऱ्या रविवारी तर ती छान धावली. म्हणजे मग दात सरकल्याचा संबंध नाही."

आता मला कळलं ते कशासाठी आले होते. त्यांना कागद सापडला. त्यांनी तो खिडकीजवळ नेला, चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला. तिसऱ्या रविवारचा होता. त्याच्या पुढच्या कागदावर तपासणाऱ्याने लिहिलं होतं, 'स्टिअरिंग आता ठीक.' त्या दिवसापासूनच तेरा पूर्णांक नऊ.

"तुझे कागद कधी चुकत नाहीत का रे?"

"चुकतात. हा नाही चुकला."

त्यांनी कप खाली ठेवला. चहाला हातही लागला नव्हता.

"मी सांगू का बारकीला?" मी विचारलं.

"तू कशाला? मला तोंड आहे."

शुक्रवारी बारकीचं इस्पितळातलं काम संपल्यावर मी आणि ती वर्कशॉपमध्ये गेलो. भावोजी गाडीखाली होते, बाहेर फक्त पाय. जाम झालेला टाय रॉड सोडवायची खटपट चालली होती. तेल घालून झालं होतं, लांब पान्याने झटके देऊन झाले होते. नवा भाग यायला दहा दिवस लागणार होते. गाडीला नव्याने शिकवायचं म्हणजे कंपनीचं स्वतःचं यंत्र हवं, तिथला नंबर त्याहून पुढचा.

"तो दात मी सरकवला," गाडीखालून आवाज आला.

बारकी वाकली. "काय?"

"स्टिअरिंग. मीच काढलं होतं. त्याच्यामुळे झालं सगळं."

"बाबा, बाहेर येऊन बोला."

ते बाहेर आले. कपाळाला काळं ग्रीस लागलेलं. हात पुसायला फडकं शोधू लागले, ते त्यांच्याच खांद्यावर होतं.

"वाकडं दिसत होतं. राहवलं नाही. तुझा पाय बरोबर होता."



"चार रविवार," ती म्हणाली.

"हो. चार."

"मी डॉक्टरला विचारून आले माझ्या पायाला काही झालंय का म्हणून. नस वगैरे. तुम्हाला माहीत आहे?"

त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. भावोजींनी फडकं डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"दात परत डावीकडे. स्टिअरिंग वाकडं राहील. पण गाडीला तेच सरळ वाटतं."

"मग करा. आणि सुसाटला काय सांगितलंत?"

"सांगतो."

त्यांनी त्याच संध्याकाळी स्टिअरिंग उपसून पुन्हा वाकडं बसवलं. सुसाटला मात्र काही सांगितलं नाही. शनिवारी ताईने दोनदा आठवण केली. दोनदा ते फोन हातात घेऊन अंगणात गेले आणि तसेच परत आले.

रविवारी सकाळी सुसाट हेल्मेट घेऊन हजर. भावोजी त्याला पाहून म्हणाले, "थांब जरा," आणि कुंपणापाशी गेले.

बारकीची पहिली फेरी. बटण, पाचपर्यंत मोजणं, पिवळा दिवा. गाडी सुटली. साठ फूट गेले. दरवेळी आवाज बसायचा ती जागा आली आणि आवाज बसला नाही, उलट चढला. मी खोलीत बसल्या जागी उठून उभा राहिलो. तेवढ्यात दुसरा गिअर पडला, आणि चार रविवार पुरा दम न मिळालेल्या मागच्या चाकांनी पकड सोडली. गाडीचं शेपूट भिंतीकडे झुकलं. आवाज एकदम तुटला. गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे झाली, सरळ झाली आणि गुरगुरत शेवटपर्यंत निघून गेली. चिठ्ठी आली सतरा पूर्णांक दोन.

या वेळी तिने पाय उचलला होता. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

कुंपणापाशी कोणीतरी म्हणालं, "आज पण?" सुसाटने हातमोजे चढवले. "बघा काका, मला वाईट वाटतं, पण उचलला त्यांनी."

भावोजींनी रेषेवरच्या माणसाला हात करून पुढची जोडी थांबवायला लावली आणि धावपट्टीवर चालत गेले. मीही मागोमाग गेलो. डांबरावर टायरचे दोन काळे पट्टे उमटले होते. साठ फुटांपर्यंत सरळ, पुढेही सरळ, मग एकाएकी भिंतीकडे वळलेले. जिथे ते संपत होते तिथून भिंत हातभर अंतरावर होती. भावोजी उकिडवे बसले. पट्टी काढली नाही. पट्टे कुठे वळले, कुठे संपले ते नुसतं पाहत राहिले, पायाखालचं डांबर बोटांनी चाचपत.

"इथे उचलला," ते म्हणाले. "अजून गाडीभर पुढे गेली असती तर…" उठताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

परत येऊन ते सरळ सुसाटपुढे उभे राहिले.

"हेल्मेट ठेव, बाबा. तू घरी जा, नाहीतर थांबून बघ. गाडी तीच चालवणार."

"पण काका, उचलला तर…"

"उचलायलाच हवा होता. मी असतो तर भिंतीत असतो. आणि तूसुद्धा." मग त्यांनी श्वास घेतला. "मागच्या चार रविवारी तिने उचललाच नव्हता. माझ्या हातून चूक झाली होती गाडीत. तुला शुक्रवारीच सांगायचं होतं, जमलं नाही."

सुसाटने एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. "मग इतके दिवस आम्ही त्यांना बटण बटण करत होतो ते?"

"ते माझ्यामुळे."

बारकी गाडी घेऊन परतीच्या रस्त्याने आली. चेहरा पांढरा पडलेला. काच खाली करून तिने बापाकडे पाहिलं, काहीतरी ऐकायच्या तयारीनेच.

"मागच्या टायरची हवा थोडी कमी करू," भावोजी म्हणाले. "आणि दुसऱ्या गिअरला पाय अर्धा ठेव. मग दाब. घाई नाही."

"दुसरी फेरी मी?"

"मग कोण?"

तिने काच वर केली.

दुसऱ्या फेरीपर्यंत पाऊण तास होता. त्या पाऊण तासात भावोजींना मी एका जागी पाहिलं नाही. ते रांगेतल्या एकेका गाडीपाशी जात होते. ज्याला ज्याला त्यांनी "पाय उचलते" असं सांगितलं होतं, त्या प्रत्येकापुढे उभे राहून तीच हकिगत पुन्हा पहिल्यापासून: वाकडं स्टिअरिंग, एक दात, दहा अंश. काहींना ऐकायला वेळ नव्हता, ते म्हणत, असू द्या हो सूतवाले, होतं असं. ते म्हणत, असू कसं द्या, ऐकून घ्या. चहाच्या टपरीवाल्याला तर त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याला दात म्हणजे काय ते कळलं नव्हतं.

बारकीच्या दुसऱ्या फेरीची घोषणा झाली. मी यंत्रापाशी बसलो. गाडी सुटली. दुसऱ्या गिअरला आवाज किंचित नरमला, मग भरला आणि भरलेलाच राहिला. चिठ्ठी निघाली: बारा पूर्णांक सहा एक. साडेबारा नाही. पण आजवरची सगळ्यात चांगली.

बारकी धावत खोलीत आली, चिठ्ठी घेतली, वाचली, पुन्हा वाचली.

"बाबा कुठायत?"

मी खिडकीतून दाखवलं. पार टोकाला, आग विझवायच्या गाडीपाशी, भावोजी आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्या गाडीवरच्या माणसाला हातांचं गोल स्टिअरिंग करून ते एक बोटभर डावीकडे, मग उजवीकडे फिरवून दाखवत होते. ती फेरी त्यांनी पाहिलीच नव्हती.

बारकी चिठ्ठी घेऊन तिथवर गेली आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत त्यांच्या मागे उभी राहिली.